मावशीचा सारांश

दर आठवड्याला कुणाला तरी हसणं हा माझा जोडधंदा आहे. पुण्यातल्या एका साप्ताहिकात मी सदर लिहिते. या आठवड्यात यंत्रांच्या नादी लागून कोण कसं तोंडावर आपटलं, हा विषय. नकाशातली बाई म्हणाली म्हणून वरातीची गाडी थेट कालव्याच्या काठाशी नेणारे, नव्या अटी मान्य केल्याशिवाय फ्रिज थंड होईना म्हणून दूध खिडकीत ठेवणारे, असले लोक मला जगभरातून पुरतात. जेवण मागवायच्या एका ॲपवर यंत्राने उपम्याचं भाषांतर 'तुलना' असं करून ठेवलं होतं. तुलना, एक प्लेट, चटणीसह. त्यावर मी अख्खं सदर काढलं.

पोटाची नोकरी वेगळी. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीसाठी मी तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे इंग्रजी सारांश करते. आठशे शब्दांची बातमी साठ शब्दांत बसवायची. हल्ली पहिला खर्डा यंत्रच करतं आणि मी त्याच्या चुका काढते. चुका काढायला मी पहिल्यापासून बरी आहे; आई म्हणायची, ही लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरचंही शुद्धलेखन तपासेल.

आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला जायचं, बाकीचे दिवस जे. पी. नगरच्या दोन खोल्यांत. ऑफिसात इंग्रजी, कॅन्टीनमध्ये हिंदी, भाजीवाल्याशी माझं स्वल्प कन्नड. खालच्या मजल्यावर घरमालकीण अक्का राहतात. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन तीनशे वर्षं झाली आणि मराठी अजून घरात शिल्लक आहे. पण आमचं बोलणं पाण्याची मोटर आणि कचऱ्याची गाडी यांच्यापुढे सरकत नाही. कधीकधी शुक्रवारी लक्षात येतं की सोमवारपासून आपण मराठीत एक धड वाक्य बोललेलो नाही. लिहिलं भरपूर, पण तोंडातून काढलं नाही. अशा वेळी मी कणीक मळताना उगीचच मोठ्याने काहीतरी बोलून बघते, आवाज शाबूत आहे ना म्हणून. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे कुणाला सांगायची सोय नाही.

मला मराठीत बोलणारं एकच माणूस उरलं होतं, सांगलीची मावशी. बोलणारं म्हणते, कारण आमच्यात बोलायची ती एकटीच. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडायची. तीन मिनिटं झाली की मध्ये घुसून 'तीन मिनिटं झाली, वाढवायचीत का?' असं विचारायचं आणि नाही म्हटलं की लोकांची बोलणी अर्ध्यावर तोडायची, हे तिने आयुष्यभर केलं. त्याचा सूड म्हणा किंवा प्रायश्चित्त, निवृत्तीनंतर ती कुणाशीही अर्ध्या तासाच्या आत बोलणं आटपत नसे. मग तिचे कान गेले. आधी उजवा, ज्याला ती 'हेडफोनचा कान' म्हणायची, आणि मागोमाग डावा. यंत्र लावून बघितलं. ते शिट्ट्या मारतं म्हणून डब्यात ठेवून दिलं. फोनवर बोलणं संपलं.

त्यावर तिनेच तोड काढली. ती आवाजी निरोप पाठवायची आणि मी टाइप करून उत्तर द्यायचे. तिला टाइप करायचा कंटाळा, मला बोलायची सवय नाही, जोडी जमली. तिचे निरोप नऊ-नऊ, अकरा-अकरा मिनिटांचे असत. सुरुवात ठरलेली, "हॅलो, हॅलो, बंगलोर? सांगली बोलतेय." मग माझ्या सदराचा समाचार. माझं सदर शेवटपर्यंत वाचणारी ती एकमेव व्यक्ती आहे याची मला खात्री आहे. उपम्याच्या लेखावर ती म्हणाली होती, "आपण त्याला उपीट म्हणत असतो तर ही वेळच आली नसती." मला ते फार आवडलं होतं, आणि माझ्या लेखातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा ते चांगलं होतं.

मागच्या वर्षी फोनमध्ये एक नवी सोय आली. आवाजी निरोप ऐकायची गरज नाही, यंत्र त्याचा दोन ओळींत मराठी सारांश देतं. 'आता वेळ वाचवा' असं खाली लिहिलेलं. मी आधी नाक मुरडलं, सदरासाठी टिपूनही ठेवलं. मग एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मावशीचा निरोप आला तेव्हा गुपचूप सारांश बघितला. 'मावशींनी गुडघेदुखी, शेजाऱ्यांचे कुत्रे आणि आपल्या लेखाबद्दल मत व्यक्त केले.' सोयीचं वाटलं. पुढच्या वेळीही बघितला. चार-दोन महिन्यांत मी निरोप ऐकणं बंद केलं. सारांश वाचायचा, एक अंगठा वर करून पाठवायचा. वाचलेल्या वेळाचं मी काय केलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

त्यानंतर एका शनिवारी सारांश आला: 'मावशी बुधवारी सकाळच्या गाडीने येत आहेत. सामान: दोन बॅगा.'

मी तो तीनदा वाचला. मावशी कधी बंगळूरला आली नव्हती. मी कधी बोलावलं नव्हतं, हेही खरं. 'ये एकदा' असं तोंडदेखलं म्हणायचं राहूनच गेलं होतं, आणि नंतर इतकं राहिलं की ते म्हणायची लाज वाटायला लागली. आणि ती आपणहून येत होती. मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग टाइप केलं, "ये गं. वाट बघते."

सोमवारी विचारलं, "तिकीट काढलंस का?" तिचा चाळीस सेकंदांचा निरोप आला. सारांश: 'तिकीट काढले आहे. खिडकीजवळची जागा.' चाळीसच सेकंद होते. तेही मी ऐकले नाहीत. मी तेव्हा गादीच्या दुकानात उभी होते.

मंगळवारी मी रजा टाकली आणि घर उपसलं. खाली अक्कांकडे एक जास्तीची खाट होती, ती मागायला गेले.

"कोण यायचेत?" अक्का म्हणाल्या.

"माझी मावशी. राहायला येतेय."

"सरी, सरी. छान झालं बघ. एकटीएकटी असतीस नुसती." इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं. "स्वल्प दूध जास्त सांगून ठेव. म्हाताऱ्या माणसाला चहा लागतो सारखा."

खाट वर चढवताना जिन्यात माझा अंगठा चेमटला आणि मी मराठीत एक कचकचीत शिवी दिली. अक्का हसल्या. मीही हसले. बाहेरच्या खोलीत टेबल सरकवून खाट मांडली, उशाशी दिवा ठेवला, आणि एक मोठ्या अक्षरात लिहायची पाटी आणून ठेवली, बोलायला. रात्रभर चालून सकाळी पोचणारी गाडी म्हणजे 'सकाळची गाडी', असा मी हिशेब लावला. तिकडच्या गाड्या शहरात शिरताना वेशीवरच्या पीण्या या भागात थांबतात. तिला ऐकू येत नसताना पुढच्या गर्दीत उतरवण्यापेक्षा तिथेच गाठावं, असं मी ठरवलं.

बुधवारी पहिल्या मेट्रोने मी पीण्याला उतरले. औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी सुरू व्हायची वेळ. डबे घेतलेली माणसं पटापट चालली होती, कुठल्यातरी वर्कशॉपमधून लेथचं तेल जळल्याचा वास येत होता. पुलाखाली गाड्या येऊन थांबत. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक म्हातारीकडे मी टाचा उंचावून पाहत होते. एकीच्या हातात दोन बॅगा होत्या. मी धावत पुढे गेले आणि तिने बॅगा छातीशी धरल्या. तासाभराने मी तिथल्या एका बुकिंगवाल्याला विचारलं, सांगलीची गाडी?

"बंतु, होयतु," तो म्हणाला. आली, गेली.

तेव्हा मी फोन काढला आणि शनिवारचा तो निरोप, एका चहाच्या टपरीच्या आडोशाला, दुसरा कान बोटाने बंद करून, पहिल्यांदा ऐकला.

"हॅलो, हॅलो, बंगलोर? सांगली बोलतेय." मग फ्रिजवाल्या लेखाबद्दल दोन मिनिटं, ती एकटीच हसत होती आणि मला तिथे उभ्या उभ्या हसू आलं. मग कुत्रं. मग म्हणाली, "तर आमचं ठरलं बरं का. एक्स्चेंजमधल्या माझ्या त्या दोघी, त्यांच्यातल्या एकीचं आजऱ्याला घर आहे, तिथे आम्ही तिघी राहणार. तुझा अंगठा आला त्याच दिवशी मी त्यांना होकार कळवला. घराची किल्ली दिली मालकांना. बुधवारी सकाळच्या गाडीने निघायचं. सामान काही फार नाही, दोन बॅगा. बाकी वाटून टाकलं. बरं तर. येते मी."

येते मी. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. लहानपणी एकदा दारातून 'जाते गं मावशी' म्हटलं तर तिने मला परत आत बोलावून, पाटावर बसवून, पाणी पाजून, 'येते म्हण' म्हणून पुन्हा निघायला लावलं होतं. कन्नडमध्ये निदान 'होगि बर्तीनि' म्हणतात, जाऊन येते. दोन्ही बाजू सांभाळतात. आपण जाणं गिळूनच टाकतो. यंत्राला कुणी हे शिकवलं नसणार. पण मला शिकवलं होतं, आणि शिकवणारीचाच तो आवाज होता. आणि मी काय उत्तर दिलं होतं? 'ये गं.' कुणी येते म्हटलं की आपण 'ये' म्हणतो, 'या' म्हणतो, दार लावून घेतो. तिने ते निरोप देतानाचं 'ये' म्हणूनच वाचलं होतं. दुसरं काय समजणार ती?

मी त्या चाळीस सेकंदांवर आले. "काढलं, काढलं. आजऱ्याला थेट गाडी मिळाली. खिडकीची जागा आहे. काळजी करू नकोस हं." मी विचारल्याचं तिला बरं वाटलं होतं, ते आवाजात ऐकू येत होतं.

राहिला तो अंगठा. कशाला म्हणून मी अंगठा पाठवला होता? मी मागे मागे गेले. तीन आठवड्यांपूर्वीचा निरोप. सारांश: 'मावशी राहण्याच्या पर्यायांचा विचार करत आहेत. पाऊस थांबला आहे. गुडघा बरा आहे.' त्याखाली माझा अंगठा. मला तो दिवस आठवेना.

तो निरोप ऐकला. सातव्या मिनिटाला ती म्हणाली, "आता एक विचारते. रागावू नकोस. इथे एकटीला आता जड जातं. दाराची बेल ऐकू येत नाही, दूधवाला परत जातो. त्या दोघी आजऱ्याला बोलावताहेत. पण मला विचारशील तर मला तुझ्याकडे यायला आवडेल. तूही एकटीच आहेस. तुला अडचण असेल तर तसं सांग, मी आजऱ्याला जाते. जाईन म्हणजे. तू सांग काय ते."

आणि नंतर तिचा आवाज नव्हता. निरोप चालूच होता, मागे कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज येत होता, पण ती बोलत नव्हती. जुन्या सवयीने ती समोरच्याला उत्तराला जागा देत होती. तिच्या नोकरीत नियम होता म्हणे, दोन्हीकडून हो आल्याशिवाय तार जोडायची नाही. बराच वेळ ती तशी थांबली, आणि मग म्हणाली, "बरं. पाऊस थांबला बाई एकदाचा."

यंत्राने पाऊस ठेवला होता. ती थांबली होती तेवढा भाग टाकला होता. मी साठ शब्दांच्या सारांशात तेच करते, शांतता कधी धरत नाही. तिने माझ्या घरी येऊ का म्हणून विचारलं आणि मी अंगठा दाखवला. आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे सदर लिहिणाऱ्या बाईला ठाऊक असायला हवं होतं.

टपरीवाल्याने मला न मागता कॉफी दिली. मी रडत होते, आणि पीण्याच्या रस्त्यावर सकाळी बायका सहसा रडत नसाव्यात.

गाडीत असेल ती तोवर. मी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. इतकंच पाठवलं की मी तुझा निरोप आत्ता ऐकला, माझी चूक झाली, शनिवारी आजऱ्याला येते. घरी परत आले तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या, कपाळाला कुंकू लावून, नवीन माणसाला बघायला. मी त्यांना सांगितलं की बेत बदलला. 'खाट राहू दे हं वरच' एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते मला सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात सदर द्यायचं होतं. नकाशावर विश्वास ठेवून भलत्याच गावच्या लग्नात जेवून आलेल्या एका कुटुंबावर मी लिहिलं. लोकांना डोळे नसतात का, असं शेवटी विचारलं. वेळेत दिलं.

शनिवारी संकेश्वरला उतरून, एसटी बदलून, दुपारी आजऱ्याला पोचले. कौलारू घर, पुढे पडवी, पडवीत ओळीने तीन खुर्च्या. आतून इतका आरडाओरडा ऐकू येत होता की मला वाटलं भांडण पेटलंय. तिघींनाही ऐकू कमी. भाजीत मीठ घातलं का, हा प्रश्न तारस्वरात चालला होता. दोघी मावशीच्याच वयाच्या, एक ठेंगणी, जिचं हे घर, आणि एक उंच, जिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मावशी मला बघून उठली, गालावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "वाळलीस." तिच्यापेक्षा मी पंधरा किलोंनी जास्त असेन.

मी बरोबर आणलेल्या पाटीवर लिहिलं, मोठ्या अक्षरात: 'तू विचारलेलं मी ऐकलंच नव्हतं. माझ्याकडे चल.'

तिने पाटी लांब धरून वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. "ऐकलं नव्हतंस म्हणजे?"

मी यंत्राचं लिहिलं. सारांशाचं लिहिलं. कधीपासून ते लिहायला हात धजेना, पण लिहिलं.

"वर्षभर?" ती म्हणाली.

मी मान हलवली. ती रागावली असती तर मला बरं झालं असतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे ओठ थोडे हलत होते. या वर्षभरात आपण काय काय सांगितलं ते ती आठवत असावी, असं मला वाटलं.

"आता यांना शब्द दिलाय गं," ती शेवटी म्हणाली. "आणि करमतंय मला. भांडायला माणसं आहेत." मग पाटी हाताच्या तळव्याने स्वच्छ पुसून तिने माझ्या मांडीवर ठेवली. "तुझ्याकडे येऊन मी काय करायचं? सांगायचं ते सगळं मी तुला सांगून बसले."

मी पाटीवर 'आता ऐकेन' असं लिहिलं. तिने ते वाचलं की नाही कळलं नाही. ती चहा टाकायला उठली होती.

चहा पडवीत झाला. चौथी खुर्ची नव्हती, म्हणून मी पायरीवर बसले. मावशीने दोघींना माझी ओळख करून दिली. "ही माझी भाची. बंगलोरला असते. लिहिते. फार कामात असते बिचारी."

"आमचा मुलगाही," ठेंगणी म्हणाली.

उंच बाईंना यातलं काही पोचलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट करून मावशीला विचारलं, काय म्हणालीस? तेव्हा मावशीने त्यांच्या कानाशी वाकून, कान दोन्ही हातांत धरून, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडून सांगितलं, "कामात असते म्हटलं! फार कामात असते ती!"